बाई बोलली, पुढे काय झालं?

मामांचं म्हणणं थोडक्यात सांगता येतं. बलात्कार झालेल्या बाईने आंघोळ न करता, अंगावरचे कपडे न धुता लवकरात लवकर पोलीस ठाणं गाठावं, फिर्याद द्यावी आणि कोर्टात ठामपणे उभं राहावं. बाकीचं बोलणं, मग ते वर्तमानपत्रात असो की फेसबुकवर, खटल्याला मारक. भाचीचं म्हणणं इतकं सुटसुटीत नाही. ती मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. तिच्यापुढे येऊन बसणाऱ्या कित्येक जणींना फिर्याद द्यायचीच नसते. दिवस तर गेले नाहीत ना, हे बघायचं असतं, गोळ्या हव्या असतात, आणि दार लावून कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं.

"त्यांच्या नकाराला तुम्ही भित्रेपणा म्हणता, मामा. मी त्याला हिशोब म्हणते."

"कसला हिशोब?"

"बोलल्यावर काय मिळतं आणि काय जातं, त्याचा."

मामांची हयात चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात सरकारी वकिली करण्यात गेली. निवृत्तीनंतर ते नागपुरात राहतात. भाची आली की हा वाद निघतोच, आणि घरातली बाकीची माणसं हळूच दुसऱ्या खोलीत जातात. यावेळी तिने सुरुवातच मामांच्या जुन्या जिल्ह्यापासून केली.

देसाईगंज, म्हणजे वडसा, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस चौकीत मजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी आली. ती आपणहून आलेली नव्हती. बहिणीला फूस लावून पळवलं, अशी भावाने तक्रार केली होती आणि जबाबासाठी सगळ्यांना बोलावलं होतं. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचं वय १४ ते १६. जबाब झाले, रात्री साडेदहाच्या सुमाराला बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला मात्र थांबवून घेतलं. चौकीतल्या दोन पोलिसांपैकी एकाने बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगाशी झोंबाझोंबी केली, ही तिची फिर्याद. बाहेर नातलग ताटकळत उभे होते, आत दिवे मालवलेले होते. हेच पुढे देशभर गाजलेलं मथुरा प्रकरण.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय आहे, संबंध आला असेल पण बलात्कार सिद्ध होत नाही, असा तो निकाल. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो फिरवला आणि म्हटलं की भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचा निकाल रद्द करून दोघांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे जे घडलं ते शांतपणे घडलं, असा युक्तिवाद तिथे मान्य झाला. जिची वैद्यकीय तपासणीच घटनेनंतर सुमारे वीस तासांनी झाली, तिच्या अंगावर जखमा शोधण्यात आल्या.

"निकाल चूक होता, कबूल," मामा म्हणाले. "पण पुढचं सांग ना! वर्षभरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. कायदा शिकवणारी चार माणसं सर्वोच्च न्यायालयाला विचारतात, अल्पवयीन मजूर मुलगी पोलीस चौकीत ओरडणार कशी? १९८०मध्ये बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत, नागपुरात, पुण्यात. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला. अशा खटल्यात बाई 'संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने ते गृहीत धरायचं. नाव छापायला बंदी, सुनावणी बंद खोलीत. व्यवस्था बदलते, पोरी. कुणीतरी बोलावं लागतं."

"बदलली. पण ती पोरगी हरली. ते दोघे सुटले ते सुटलेच."

इथे मामा थोडे अडखळले, पण माणूस मुरलेला वकील. त्यांनी लगेच नागपूरचाच दुसरा खटला काढला. १९८१ साली एका फौजदाराने नवविवाहित तरुणीवर अत्याचार केला. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं होतं, पण १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि स्पष्ट सांगितलं की फिर्यादी बाई म्हणजे गुन्ह्यातली साथीदार नव्हे, तिच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याची जोड मागत बसू नका. १९९६ साली पंजाबातल्या एका शाळकरी मुलीच्या खटल्यात हेच तत्त्व आणखी ठामपणे मांडलं गेलं. मामांच्या टिपणवहीत हे दोन्ही निकाल कायम असत. ज्युनिअर वकिलांकडून ते घोकून घेत.

भाचीने हे नाकारलं नाही. तिचा आक्षेप वेगळा होता. प्रत्येक पायरी कुणीतरी हरल्यावर बांधली गेली, आणि हरणारीला तिचा उपयोग झाला नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या. तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायला गेल्या म्हणून सप्टेंबर १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाने, उघड्या तोंडाने सांगितलं. वैद्यकीय तपासणीला दोन दिवस लागले. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्यांच्यामुळे १९९७ साली 'विशाखा' निकाल आला, त्यातून २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. आज पुण्यातल्या आयटी कंपनीतली मुलगी अंतर्गत समितीकडे तक्रार करते ती या बाईच्या जिवावर. भंवरीदेवींना त्यांच्या स्वतःच्या खटल्यात न्याय मिळाला नाही.

"म्हणून कुणी बोलूच नये?"

"बोलावं. पण 'हिंमत कर, पुढे ये' असं म्हणून तुम्ही जी जबाबदारी तिच्या डोक्यावर ठेवता, ती मुळात ठाणेदाराची, डॉक्टरची आणि कोर्टाची आहे."

या वाक्यावर वाद खरा पेटला, कारण मामांना ते अन्यायाचं वाटलं. २०१३पासून फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला तुरुंगवासाची तरतूद आहे. खासगी दवाखान्यालासुद्धा पीडितेवर मोफत उपचार करावेच लागतात. निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला आणि दोन-तीन महिन्यांत कायदा झाला. महाराष्ट्रात त्याच वर्षी पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना सुरू झाली. आणखी काय करायचं राज्याने?

भाची म्हणाली, कागदावरचं सगळं खरं. तरी तिच्याकडे बाई येते तेव्हा कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न असतो, "पोलिसांचं पत्र आणलं का?" आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पोलिसांत जायचं नसेल तरी उपचार थांबवायचे नाहीत, तिचा नकार लिहून घ्यायचा आणि पुढे जायचं. हे कागद ती ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला दरवेळी काढून दाखवते.

आणि ती दोन बोटांची तपासणी. शरीरसंबंधांची 'सवय' आहे की नाही ते बोटांनी ठरवायचं, हा प्रकार वर्षानुवर्षं वैद्यकीय अहवालाच्या छापील नमुन्यात होता. त्याविरुद्धच्या लढाईचा एक महत्त्वाचा भाग विदर्भातच लढला गेला. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दर्जावर अभ्यास केला, डॉ. रंजना पारधी यांनी २०१०मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी स्त्रीच्या खासगीपणाचा भंग करते असं म्हटलं, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ला तर ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाबद्दल दोषी धरला जाईल असं बजावलं. नऊ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगायची वेळ का आली, हा प्रश्न मामांनाही टाळता आला नाही. कोर्टातही वेगळं चित्र नव्हतं. फिर्यादी बाई 'चारित्र्यहीन' आहे असं दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम २००३पर्यंत जिवंत होतं. मथुरा प्रकरणानंतर तीस वर्षं! बचाव पक्षाचे वकील त्याचा कसा वापर करत, ते मामांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्याबद्दल ते बोलले नाहीत, चहा मागितला.

चहा झाल्यावर मात्र मामांनी त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मांडला, आणि तो खरोखर वजनदार आहे.

"तुम्ही म्हणता, बाईला कुठेही बोलू द्या. बोलू दे. पण मी कोर्टात काय बघितलं ते सांगतो. तिने पोलिसांना एक सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरने त्याच्या भाषेत 'हिस्ट्री' म्हणून दुसरं लिहिलं. दंडाधिकाऱ्यांपुढे १६४चा जबाब झाला, त्यात तिसरं. दोन-चार वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चौथं. बचावाचा वकील हे चार कागद शेजारी-शेजारी ठेवतो. इथे 'तीन माणसं' आहे, तिथे 'दोघे-तिघे' आहे. इथे दाराला कडी होती, तिथे कडीचा उल्लेखच नाही. विसंगती, लोप, सुधारणा. झाला संशयाचा फायदा. त्यात तू पाचवी मुलाखत टीव्हीवर द्यायला लावतेस? आणि आरोपीचं काय? तोही नागरिक आहे. आरोप सिद्ध होण्याआधी चौकात त्याचा निकाल लावायचा असेल, तर मग मी आयुष्यभर काय केलं?"

भाचीने उत्तर द्यायला वेळ घेतला.

"टीव्हीचा आग्रह मी धरतच नाही. पण मला सांगा, तुमचे हे चार कागद कुणी तयार केले? तिने तर नाही केले. माणूस एकाच आघाताबद्दल चार वेळा, चार माणसांना, चार वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देताना एकच वाक्य बोलेल का? बोलला, तर तुम्हीच म्हणाल, पढवून आणलाय. मग चार वेळा विचारता काहून?"

काहून हा मामांचा शब्द. तिने तो मुद्दाम वापरला आणि मामा हसले.

यावर एक तोडगा कायद्यातच आहे, हे मामांनी स्वतःहून सांगितलं. पीडिता शारीरिक किंवा मानसिक दृष्ट्या अपंग असेल, मग ते अपंगत्व तात्पुरतं का असेना, तर दंडाधिकाऱ्यांपुढचा तिचा जबाब चित्रित होतो आणि खटल्यात तोच सरतपासणी म्हणून धरला जातो. तिला फक्त उलटतपासणीला सामोरं जावं लागतं. ही सोय सगळ्याच पीडितांना का नको, असं भाचीने विचारलं. मामा म्हणाले, न्यायाधीशाला साक्षीदाराचा चेहरा, आवाज, अडखळणं प्रत्यक्ष दिसावं लागतं. भाची म्हणाली, उलटतपासणीत दिसेलच की. या एका मुद्द्यावर ते बराच वेळ अडले. असले मुद्दे चर्चासत्रांत फारसे निघत नाहीत. तिथे फाशी द्या, चौकात लटकवा, इथपर्यंत गाडी लवकर पोहोचते.

फाशीचं निघालंच. मुंबईतल्या शक्ती मिल प्रकरणात २०१३ साली छायाचित्रकार तरुणीने फिर्याद दिली. त्या बातम्या पाहून त्याच जागी आपल्यावरही अत्याचार झाला होता, असं सांगायला एक टेलिफोन ऑपरेटर मुलगी पुढे आली. एकीच्या बोलण्याने दुसरीला बोलता येतं, हे सांगायला भाची हे उदाहरण नेहमी देते, आणि मामाही देतात, कारण तिथे तपास आणि खटला दोन्ही वेगाने झाले. २०१४मध्ये तिघांना फाशी झाली आणि २०२१मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. मामांना ते पटलेलं नाही. भाचीला पटलं आहे, आणि तिचं कारण तत्त्वाचं कमी, अनुभवाचं जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या बहुतांश गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. काका, दीर, शेजारी, मालक, लग्नाचं वचन दिलेला मुलगा. "आरोपी घरातला असला आणि शिक्षा फाशी असली, तर पोरीचं तोंड पहिल्यांदा आईच दाबते. आणि शिक्षा होते तरी कितींना? २०२२ साली देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. निकाल लागलेल्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण २७-२८ टक्क्यांच्या आसपास. फाशीचा दोर कितीही जाड करा, तो त्या २७ टक्क्यांच्या पलीकडे पोहोचत नाही."

मामांनी आकडे खोडले नाहीत, कारण दिलं. साक्षीदार फितूर होतात. तारखा पडत राहतात, केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट येत नाही, तोवर मुलीचं लग्न ठरतं. नव्या सासरला कोर्टाचं समन्स गेलेलं कुणाला हवंय? मग बाहेरच्या बाहेर तडजोड होते आणि फिर्यादी पिंजऱ्यात उभी राहून म्हणते, मला काही आठवत नाही.

"आणि तडजोडीला न्यायाधीशच हातभार लावतात," भाची म्हणाली. २०२० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला, त्याच बाईकडून राखी बांधून घ्यायच्या अटीवर जामीन दिला होता. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, महाराष्ट्रातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयातच त्याला विचारलं गेलं होतं, तिच्याशी लग्न करणार का? फिर्यादी अत्याचाराच्या वेळी शाळकरी मुलगी होती.

हे ऐकल्यावर मामांचा आवाज चढला. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे नागपूरचे, याच बारमधले. "त्यांनी नंतर खुलासा केला होता. लग्न कर असं सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. कागदपत्रांत दोन्ही कुटुंबांमधल्या लग्नाच्या लेखी कबुलीचा उल्लेख होता."

"तोच तर प्रश्न आहे, मामा. गावातल्या पंचांनी असा कागद केला, तर त्याला तुम्ही दडपण म्हणता. सर्वोच्च न्यायालयात तो रेकॉर्डचा भाग होतो."

लेखकाला इथे भाचीचं पटतं. खुलासा प्रामाणिक असेल, पण तो प्रश्न त्या दिवशी देशभरातल्या घराघरांत ऐकला गेला, आणि खुलासा ऐकणारे थोडे होते.

अल्पवयीन मुलींचा विषय निघाला तेव्हा बाजू जरा उलटल्या. पोक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा. मामांना ही तरतूद उत्तम वाटते. भाची म्हणते, याच भीतीने दिवस गेलेल्या सतरा वर्षांच्या मुली दवाखान्यात यायच्याऐवजी भोंदूकडे जातात. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलीने मागणी केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने तिचं नाव पोलिसांना द्यायची गरज नाही, असं म्हटलं. पण "हे वडशाच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचलंय का?" हा प्रश्न भाचीने नाही, मामांनी विचारला.

कोर्टाबाहेरच्या बोलण्यावर त्यांचं एकमत होणार नव्हतं. पत्रकार प्रिया रमाणी यांनी एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा जाहीर आरोप केला. अकबर यांनी बदनामीचा फौजदारी दावा लावला. १७ फेब्रुवारी २०२१ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवलं आणि म्हटलं, स्त्री कितीही वर्षांनी, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर तक्रार मांडू शकते. भाचीसाठी हा निकाल मोठा. मामा म्हणाले, निकाल ठीकच आहे, पण त्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं होतं? ज्या बाईने तोंड उघडलं ती. शिवाय तिच्या पाठीशी दिल्लीतले नामांकित वकील होते. मजूर बाईवर असा दावा पडला तर? या प्रश्नाने भाचीच्याच मुद्द्याला बळ मिळालं, हे मामांच्या बहुधा लक्षात आलं नाही.

मग बिल्किस बानोचं प्रकरण निघालं. दोघांनाही ते आपापल्या बाजूचं वाटतं.

मामांची बाजू अशी. ३ मार्च २००२, गुजरातमधला दाहोद जिल्हा. पाच महिन्यांची गरोदर बाई, सामूहिक बलात्कार, तीन वर्षांची मुलगी आणि कुटुंबातली माणसं मारलेली. स्थानिक पोलिसांनी प्रकरण गुंडाळलं. ती हटली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, २००४ साली खटला मुंबईत आणला. २१ जानेवारी २००८ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि शिवाय खालच्या कोर्टात सुटलेल्या पोलिसांना आणि डॉक्टरांनाही दोषी ठरवलं. २०१९मध्ये ५० लाखांची भरपाई. "निरक्षर, गरीब, अल्पसंख्य बाई. तिच्या साक्षीवर पोलीस आणि डॉक्टरसुद्धा दोषी ठरले. आणखी काय पुरावा हवा की कोर्टात बोलण्याला अर्थ आहे?"

भाचीची बाजू तिथून पुढे सुरू होते. १५ ऑगस्ट २०२२ला गुजरात सरकारने अकराही जणांची शिक्षा माफ केली. बाहेर आल्यावर त्यांना हार घातले गेले. निर्णय घेण्याआधी आपल्याला कुणी विचारलंही नाही, असं बिल्किसने जाहीरपणे सांगितलं. तिने पुन्हा याचिका केली, आणि ८ जानेवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने माफी रद्द केली: खटला महाराष्ट्रात चालला, म्हणून माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे. त्या महिन्यात सगळे पुन्हा गोध्र्याच्या तुरुंगात गेले.

"बावीस वर्षं, मामा. एका साक्षीसाठी बावीस वर्षं बोलत राहायचं. माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी हे सांगू की नको?"

"सांग. आणि शेवटी ती जिंकली हेही सांग."

मामा उठून आतून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची प्रत घेऊन आले. जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली ही संहिता त्यांनी निवृत्तीतही पेन्सिलीने खुणा करत वाचली आहे. कलम १९३ त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: तपास कुठवर आला ते पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवायचं. मग कलम ३६०: सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर पीडितेला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाने परवानगी द्यायची नाही. "हे नवीन आहे. तुझ्या बायांना हे दाखव."

"आणि शिक्षा माफ करताना?"

मामांनी पानं उलटली, कलम ४७३वर थांबले. न्यायाधीशांचं मत घ्यायचं, असं तिथे आहे. पीडितेचं नाव नाही.

"मग तिथे ती काय करणार?"

"रिट याचिका. बिल्किसने केली तशीच," मामा म्हणाले. "पण त्यासाठी त्यांना सोडलंय, हे आधी तिला कुणीतरी कळवायला हवं."